अण्णांची तीन खोकी आणि ॲपवरचा 'विकत' सिनेमा

प्रश्न : आम्ही नाशिकला जुन्या घरातून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जातोय. माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे अण्णांकडे, तीन खोकी भरून व्हीसीडी आणि डीव्हीडी आहेत. मराठी नाटकं, जुने मराठी-हिंदी सिनेमे, थोडे इंग्रजी, आणि काही नुसत्याच पांढऱ्या पाकिटातल्या. नवरा म्हणतो, सगळं ऑनलाइन मिळतं, भंगारवाल्याला देऊन टाकू आणि हवे ते चार सिनेमे ॲपवर विकत घेऊ. अण्णा काही बोलत नाहीत, पण कुणी खोक्यांना हात लावला की खुर्ची ओढून तिथेच येऊन बसतात. दुसरीकडे, मुलीसाठी एका ॲपवर विकत घेतलेला कार्टूनचा सिनेमा आता आम्हाला उघडताच येत नाही, कारण तो नवऱ्याच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवरून घेतला होता आणि ती नोकरी सुटली. मग विकत घेतलं म्हणजे नेमकं काय केलं आम्ही? माझा भाऊ टोरांटोला असतो, दिवाळीत येताना सिनेमाच्या डिस्क आणू का विचारतोय. डिस्क घ्याव्यात की डिजिटल? आणि खोक्यांचं काय करू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि घरात ते एकच असल्यासारखे भांडले जातायत. पुढे नवीन सिनेमा घ्यायचा तर कसा घ्यायचा, हा एक. घरात आहे त्याचं काय करायचं, हा दुसरा. पहिल्यात मी बरीचशी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने आहे आणि दुसऱ्यात बरीचशी अण्णांच्या. तेव्हा हे उत्तर दोघांना समोर बसवूनच वाचा.

आधी ते 'विकत' प्रकरण उरकू. ॲपवर खरेदीचं बटण दाबून तुम्ही चार-पाचशे रुपये भरता, तेव्हा सिनेमाची प्रत तुमच्या मालकीची होत नाही. तुम्हाला तो बघण्याचा परवाना मिळतो. लीव्ह अँड लायसन्सवर घर घेतल्यासारखंच हे. फक्त इथे अकरा महिन्यांची हमीसुद्धा करारात नसते. अटी-शर्तींच्या त्या लांबलचक पानात हे सगळं लिहिलेलं असतं, पण ते पान आजवर कुणी वाचलंय? कॅलिफोर्नियात यावरून शेवटी कायदा झाला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल 'विकत घ्या' म्हणून विकायचा असेल, तर तुम्हाला मिळतोय तो परवाना आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं.

परवाना खरोखर काढून घेतात का? घेतात, पण रोज उठून नाही. २०२२ च्या ऑगस्टअखेर जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या, सोनीच्या प्लेस्टेशन या गेम खेळायच्या यंत्राच्या ग्राहकांनी विकत घेतलेले स्टुडिओकॅनल कंपनीचे सिनेमे त्यांच्या खात्यातून गेले, कारण सोनीचा त्या कंपनीशी असलेला करार संपला होता. २०२३ च्या डिसेंबरात डिस्कव्हरीचे विकत घेतलेले कार्यक्रमही प्लेस्टेशनच्या खात्यातून जाणार, अशी घोषणा झाली. आरडाओरडा झाल्यावर नवा करार करून ती मागे घेतली गेली. मला सगळ्यात बोलकं वाटतं ते फनिमेशनचं उदाहरण. ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टूनपट, विकणारी अमेरिकन कंपनी. तिच्या डिस्कसोबत एक कोड यायचा, तो टाकला की तोच सिनेमा ॲपवरही कायमचा तुमचा. २०२४ च्या एप्रिलमध्ये ॲप बंद झालं, सगळा कारभार क्रंचीरोल या दुसऱ्या ॲनिमे ॲपकडे गेला, आणि त्या डिजिटल प्रती मात्र तिकडे नेल्या नाहीत. एकाच पैशात दोन्ही घेतलेल्या माणसाच्या हातात उरली ती डिस्क.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अल्ट्राव्हायोलेट नावाची, विकत घेतलेले सिनेमे ऑनलाइन खात्यात सांभाळणारी मोठी योजना जुलै २०१९ मध्ये बंद पडली, पण ज्यांनी आपलं खातं दुसऱ्या ऑनलाइन दुकानांशी जोडून घेतलं होतं त्यांचे बहुतेक सिनेमे तिकडे शाबूत राहिले. मायक्रोसॉफ्टने जुलै २०२५ मध्ये सिनेमे विकणं थांबवलं, तरी आधी घेतलेले बघता येतात. म्हणजे उद्याच सगळं गायब होईल, असलं काही मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की ते राहणार की जाणार, यात तुमचं मत कुणी विचारणार नाही.

शिवाय सिनेमा जायला कंपनी बुडावीच लागते असं नाही. तुमचाच सिनेमा बघा ना. कंपनी आहे, ॲप आहे, सिनेमाही तिथेच आहे. फक्त तुमच्याकडे किल्ली नाही. डिजिटल खरेदी माणसाच्या नावावर होत नाही, ती ईमेल खात्याच्या नावावर होते. जुन्या फोनवर किंवा टीव्हीवर ते खातं अजून लॉगिन असेल, तर आजच सेटिंगमध्ये जाऊन ईमेल बदलता येतो का पाहा. लॉगिन नसेल, तर खरेदीच्या दिवशीचं बँकेचं स्टेटमेंट आणि ऑर्डर क्रमांक काढून कस्टमर केअरला लिहा. मिळेल याची खात्री नाही, पण पुराव्याशिवाय लिहिलंत तर दारातूनच परतवतील. आणि इथून पुढे घरातली प्रत्येक डिजिटल खरेदी एकाच, घरच्याच खात्यावरून. ऑफिसचा ईमेल नको, आणि मुलीच्या शाळेने दिलेला तर नकोच नको.

अण्णांच्या खोक्यांवरून आठवलं. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातलं काय कुणाला मिळावं, यासाठी अॅपलने २०२१ अखेर वारस नेमायची सोय केली. त्या वारसाला फोटो मिळतात, नोंदी मिळतात. विकत घेतलेले सिनेमे, गाणी, पुस्तकं मात्र मिळत नाहीत, असं अॅपलनेच स्वच्छ लिहून ठेवलंय. अण्णांची खोकी तुमच्या मुलीला मिळू शकतात. तुमच्या नवऱ्याचे ॲपवरचे चार सिनेमे नाही मिळायचे.

एवढं सगळं सांगूनही नवीन सिनेमाच्या बाबतीत मी नवऱ्याकडेच झुकते. याचं कारण पैशाचं आहे. एकदा बघायचा सिनेमा शे-दीडशे रुपये भाड्याने घ्यावा. साधारण सगळीकडे नियम सारखाच : घेतल्यापासून तीस दिवसांत सुरू करा, सुरू केल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत संपवा. आपण मोठ्या हौसेने विकत घेतो त्यातले बहुतेक सिनेमे आयुष्यात दुसऱ्यांदा बघत नाही. तेव्हा माझा हिशेब सोपा आहे. डिजिटल खरेदीची किंमत भाड्याच्या दुपटीपर्यंत असेल तर खुशाल घ्या, त्याहून जास्त मागत असतील तर भाड्यानेच बघा. याला अपवाद मुलीचा कार्टूनचा सिनेमा. लहान मुलं तोच सिनेमा सकाळ-संध्याकाळ बघतात, तिथे विकत घेणंच स्वस्त पडतं, आणि ती नववीत जाईपर्यंत तो गायब झाला तरी कुणी रडणार नाही.

आणि 'सगळं ऑनलाइन मिळतं' या वाक्याबद्दल. मिळतं, पण कुठे आणि किती दिवस? हॉटस्टार आणि जिओसिनेमा फेब्रुवारी २०२५ मध्ये एक झाले. सबस्क्रिप्शनमधलं काय राहील आणि काय जाईल, हे प्रत्येक कराराबरोबर बदलतं. मोठ्या हिंदी सिनेमाला चिंता नाही, तो या घरून निघाला की त्या घरी सापडतो. मराठीत तसं नाही. ज्या सिनेमाचा निर्माता आता या धंद्यातच नाही, हक्क भावाभावांत अडकलेत, मूळ प्रिंट कुठे आहे कुणाला पत्ता नाही, असा सिनेमा कुठल्याही ॲपवर येत नाही. कुणीतरी यूट्यूबवर चढवलेला असतो, कोपऱ्यात भलामोठा लोगो, वर-खाली कापलेलं चित्र, आणि एक दिवस तोही उतरवला जातो. नाटकांची गत त्याहून वाईट. एका ठरावीक संचातला प्रयोग एकदा चित्रित झाला, त्याची व्हीसीडी निघाली, कंपनी बंद पडली, संपलं. पुढे तेच नाटक नव्या संचात येतं, पण तो प्रयोग पुन्हा होत नाही.

म्हणून खोकी. भंगारवाल्याला सध्या थांबवा आणि एखाद्या रविवारी अण्णांना मध्ये बसवून वर्गवारी करा. पांढऱ्या पाकिटांत काय आहे हे बहुधा फक्त त्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा त्यांच्याशिवाय हे काम होणारही नाही.

पहिल्यांदा प्रत्येक डिस्क उलटी करून उजेडात धरा. खालची बाजू चंदेरी असेल, दोन थरांच्या डीव्हीडीची किंचित सोनेरी, तर ती कारखान्यात छापलेली डिस्क. जांभळट, निळसर किंवा हिरवट झाक दिसली तर ती कुणीतरी घरच्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर 'राइट' केलेली. हा फरक महत्त्वाचा आहे. छापलेल्या डिस्कमध्ये माहिती प्लॅस्टिकच्या खड्ड्यांत कोरलेली असते, राइट केलेल्या डिस्कमध्ये ती रंगाच्या एका पातळ थरात जाळलेली असते, आणि तो रंग उन्हाने, उष्णतेने, नुसत्या वयानेही विटतो. म्हणजे जांभळ्या डिस्क आधी मरणार. आता विचार करा, घरातल्या जांभळ्या डिस्कवर काय असतं? फुटपाथवरचे एकात सहा सिनेमे असतात, ते गेले तर जाऊ देत. पण दुसरं असतं ते तुमचं लग्न, दिराची मुंज, अण्णांच्या सेवानिवृत्तीचा समारंभ. व्हिडिओवाल्याने कॅसेटवरून डीव्हीडी करून दिलेली, आणि कॅसेट केव्हाच बुरशी येऊन फेकून दिलेली. सिनेमावरून भांडताना घरातली ही चार पाकिटं कुणाच्याच लक्षात येत नाहीत. ती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. खोक्यांतलं दुसरं काही वाचवलं नाहीत तरी चालेल, ही आधी.

मग मराठी नाटकं आणि आडबाजूचे मराठी सिनेमे. मग बाकीचं.

प्रत कशी काढायची? हजार-दीड हजारात यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळतो, तो घ्या. व्हीसीडी घातलीत की आत 'एम्पेग-एव्ही' (MPEGAV) नावाचा एक फोल्डर दिसेल, त्यात 'डॅट' (.DAT) शेपटीची एक मोठी फाइल. तो सिनेमा. व्हीसीडीला कॉपी रोखणारं कुलूपच नसतं. फाइल उचलून हार्ड डिस्कवर टाकायची, व्हीएलसी नावाच्या फुकट प्लेअरमध्ये उघडायची, झालं. सिनेमा दोन किंवा तीन डिस्कचा असतो, तेव्हा फाइलला लगेच नाव द्या : नाटकाचं नाव, भाग १, भाग २. नाहीतर सगळ्या फाइलींची नावं सारखीच असतात आणि दुसरी पहिलीच्या डोक्यावर बसते. डीव्हीडीत 'व्हिडिओ-टीएस' (VIDEO_TS) फोल्डर असतो, घरगुती समारंभांच्या डीव्हीडीचा तो अख्खा फोल्डर कॉपी होतो. छापील डीव्हीडींपैकी अनेकांना कुलूप असतं. ती डिस्क आहे तशीच नीट जपा, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि काढलेली प्रत घरात ठेवा, सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. त्या नाटकाचे हक्क अजून कुणाचेतरी आहेत.

प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवा. एक तुमच्याकडे, एक नणंदेकडे किंवा माहेरी.

कॉपी अडकली तर डिस्क पुसून पाहा. मऊ सुती किंवा चष्म्याचं फडकं घ्या आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. माहिती गोल वाटेवरच लिहिलेली असते. त्या वाटेच्या दिशेने चरा पडला तर लांबच लांब तुकडा जातो, आडवा पडला तर मशीन तो सहसा सावरून घेतं. आणखी एक, बहुतेकांचा यात उलटा समज असतो : व्हीसीडीची नाजूक बाजू वरची, चित्र छापलेली. चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, त्यावर फक्त वार्निश. बॉलपेनाने जोरात नाव लिहिलं किंवा चिकटपट्टी ओढून काढली की थर सोलून निघतो आणि ती जागा कायमची गेली. डीव्हीडीत तोच थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून ती थोडी चिवट. व्हीसीडी दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी भोकं चमकली तर ती डिस्क जाऊ लागलीय, तिचा नंबर वर घ्या.

आता नवऱ्याची तक्रार असेल की पंचावन्न इंची टीव्हीवर व्हीसीडी म्हणजे नुसते चौकोन दिसतात. खरंय ते. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, फोर-के टीव्ही ३८४० बाय २१६० चा. एका ठिपक्याच्या जागी टीव्हीला ऐंशीहून जास्त ठिपके भरायचे असतात, ते तो अंदाजाने भरतो. म्हणून जो सिनेमा ऑनलाइन चांगल्या प्रतीत मिळतो, त्याची व्हीसीडी द्यायला माझी हरकत नाही. फक्त देण्याआधी ऑनलाइनची प्रत पूर्ण आहे ना ते बघा. त्यासाठी जुन्या सिनेमाच्या सुरुवातीला येणारं सेन्सॉर सर्टिफिकेट थांबवून वाचा, त्यावर लांबी मीटरमध्ये लिहिलेली असते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला साधारण २७.४ मीटर पळते. म्हणजे ४,००० मीटरचा सिनेमा २ तास २६ मिनिटांच्या आसपास भरायला हवा. ॲपवर तोच दोन तासांत संपत असेल, तर मध्ये दोन गाणी आणि एखादा प्रसंग कुणीतरी गिळलाय. (कधीकधी व्हीसीडीवाल्यानेच कापलेला असतो, हेही याच हिशेबात उघडं पडतं. अण्णांना हा उद्योग आवडेल असं मला वाटतं.)

एवढं झाल्यावर तीनातलं एक खोकं उरेल, फार तर दीड. ते फ्लॅटमध्ये मावतं. डिस्क कडक डब्यांत, पुस्तकासारख्या उभ्या, खिडकीपासून लांब. बाकीच्या देऊन टाका, पण जाळू नका.

जुना डीव्हीडी प्लेअर मात्र कुणालाही देऊ नका. ही यंत्रं आता कमी होत चाललीत. ब्लू-रे म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीची डिस्क; तिचे नवे प्लेअर अमेरिकेत आणणं सॅमसंगने २०१९ मध्येच थांबवलं. तुमच्या नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर लावायची भोकं नसतील, तर त्यासाठी एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर मिळतो.

राहिला टोरांटोचा भाऊ. त्याला सरसकट 'आण' म्हणू नका. डीव्हीडीला जगाचे विभाग पाडलेत : कॅनडा-अमेरिका विभाग १, आपण विभाग ५. ब्लू-रेमध्ये तिकडे ए, इकडे सी. तिथली डिस्क अण्णांच्या प्लेअरने थुंकून टाकली तर त्यात प्लेअरचा दोष नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर विभाग बदलता येतो, पण पाचच वेळा, मग तो शेवटच्या विभागाला चिकटून बसतो. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला विभागाची भानगड नाही, ती कुठलीही कुठेही चालते. पण तिला तिचाच प्लेअर लागतो, किंवा डिस्कची खाच असलेला प्लेस्टेशन ५.

तो प्लेअर घरात असेल, तर एखादा सिनेमा तुम्ही दोघं खरोखर पुन्हा पुन्हा बघता का ते ठरवा आणि तो फोर-के डिस्कवर मागवा. ऑनलाइन फोर-के सिनेमा सेकंदाला साधारण १५ ते २५ मेगाबिट माहिती पाठवतो, डिस्कवर ती १०० च्या वर जाऊ शकते. पाऊस, धूर, अंधारातला प्रसंग आला की हा फरक चष्मा न लावताही दिसतो. प्लेअर नसेल, तर एका सिनेमासाठी तो घेण्यात अर्थ नाही.

आणि भाऊ जुन्या डिस्कच्या दुकानातून स्वस्तात डीव्हीडी उचलणार असेल, तर वॉर्नर ब्रदर्सच्या २००६ ते २००९ मधल्या डिस्क तिथेच शेवटपर्यंत चालवून बघायला सांगा. त्या काळात छापलेल्या काहींचा थर आतून खराब होतोय, कंपनीने २०२५ मध्ये ते मान्यही केलं. त्यापेक्षा त्याने येताना एक चांगली हार्ड डिस्क आणावी. दुसरी प्रत ठेवायला ती तुम्हाला लागणारच आहे.